काउतूच्या दोन गोळ्या

काउतू माडावर असला की खालून जाणाऱ्याला न बघता कळायचं, कारण तो वर गात असायचा. माडी काढणारे आमच्याकडे सगळेच गातात, पण काउतूच्या गाण्यात त्या दिवशी खालून कोण चाललंय त्याचं नाव हमखास यायचं. मी दवाखान्याकडे निघाले की वरून सूर यायचा, नेई आरिबो निघाली, पिशवीत सुई आहे, पोरांनो ढुंगण सांभाळा. आरिबो मी; नेई आमच्याकडे बायकांच्या नावाआधी लावतात. मी वर बघून मूठ दाखवायची आणि पुढे जायची.

बिकेरोआ बेटावर मी बावीस वर्षं नर्स आहे. आमच्या दवाखान्यात तीन खोल्या आहेत. थोरला माणूस तेव्हा एरिमेता, तो डॉक्टर नव्हता पण डॉक्टरचं काम करायचा. त्याच्याखाली मी. डॉक्टर तारावाला, म्हणजे राजधानीच्या बेटावर, आणि तिथे जायचं तर आठवड्यातून दोनदा येणारं छोटं विमान, नाहीतर जहाज. काउतूचं घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्याकडे अकरा माड होते. पंधराव्या वर्षापासून रोज सकाळी आणि रोज तिन्हीसांजेला तो त्या अकरा माडांवर चढायचा, पोय, म्हणजे मिटलेला फुलोरा, कापायचा, भरलेली करवंटी उतरवायचा, रिकामी बांधायचा. त्याची बायको नेई राकेरा ती माडी आटवून पाक करायची. तिचा पाक बेटावर सगळ्यांत दाट, असं लोक म्हणायचे आणि ती तो मोजून मापून कोणाला देत नसे, हात सैल होता तिचा.

पहिली फिट आली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. मानेआबात, म्हणजे गावाच्या मोठ्या छपराखाली, सगळं गाव मांडी घालून बसलेलं होतं आणि म्हातारी मंडळी चर्चच्या वर्गणीवर बोलत होती. काउतू बसल्या जागी ताठ झाला, घशातून एक आवाज काढला आणि आडवा पडून आचके देऊ लागला. मी तेव्हा दुसऱ्या बेटावर प्रशिक्षणाला गेले होते. ऐकलं ते असं, की जवळ बसलेले लोक चटया ओढून लांब सरकले. राकेरा एकटी त्याच्याजवळ गेली. शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या भोवती मोठं रिकामं गोल झालं होतं.

म्हाताऱ्यांनी ठरवलं की त्याच्या आजीचं भूत त्याच्यावर बसतं. आजीच्या वाटणीच्या जमिनीवरून भावाभावांत भांडण झालं होतं, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं. एका बाईने तीन दिवस सूर्य उगवताना त्याला बेटाच्या बाहेरच्या अंगाला, मोठ्या समुद्रावर नेऊन तेलाने चोळलं. फिटा थांबल्या नाहीत. महिन्यातून एक, कधी दोन. मानेआबात त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवायला लागले, कारण त्याची लाळ लागली तर दुसऱ्यालाही होतं असं कोणीतरी सांगितलं होतं. तो पेला निळा होता, कानाकडे टवका गेलेला. काउतू त्यातून पाणी प्यायचा. माडावर मात्र चढत राहिला. वर असताना एकदाही आली नाही ती, हे नशीब की काय ते मला माहीत नाही.

अशी तीन वर्षं गेली; भुताचं दुखणं म्हणून दवाखान्यात त्याला कोणी आणलं नाही. मग एका दुपारी राकेरा त्याला दवाखान्यात घेऊन आली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सालपट निघालेलं. उकळत्या पाकात पडला होता. मी जखम धुता धुता विचारलं, कसं झालं. तो म्हणाला, पाय घसरला. राकेरा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "खोटं बोलतोय. त्याला तसं झालं. तीन वर्षं होतंय. तू तरी त्याला विचार, मला तो बोलू देत नाही."

एरिमेताने त्याला बसवून सगळं विचारलं. जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का, आधी काही वास येतो का. मेंदूची कसली तपासणी नव्हती, आमच्याकडे ती कधीच नव्हती. विचारूनच काय ते ठरवायचं. एरिमेता म्हणाला, हे फेफरं आहे, भूत नाही, आणि याला औषध आहे. रोज झोपताना दोन गोळ्या. महिन्याच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या. आणि एक गोष्ट एरिमेताने बोट उगारून त्याला सांगितली आणि मलाही ऐकवली, की ह्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. कधीच नाही. एकदम बंद केल्या तर आजार दुप्पट होऊन येतो.

त्याला एक छापील कागदही दिला. तो कुठल्यातरी मोठ्या देशात छापलेला होता, फक्त भाषा आमची केली होती. गाडी चालवू नका, शिडीवर चढू नका, न्हाणीघराचं दार आतून लावू नका, एकट्याने पोहू नका, उघड्या विस्तवाजवळ काम करू नका. काउतूने तो सावकाश वाचला. म्हणाला, "न्हाणीघराला दारच नाही, तेवढं एक टळलं." मग कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं. "बाकी सगळं म्हणजे माझं रोजचं काम आहे, नेई आरिबो. चढू नको, पाण्यात जाऊ नको, चुलीजवळ जाऊ नको. मग मी करू काय? ह्या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत दोनशे पावलं जमीन आहे. मधोमध उभा राहू?"

मी म्हटलं, राहा. हसण्यावारी नेलं. दुसरं काय सांगणार होते.

दोन महिन्यांत फिटा थांबल्या. हे मी फुशारकीने सांगत नाही, गोळ्या साध्या होत्या, स्वस्तातल्या, जगभर चालतात. पण थांबल्या. त्याला सुस्ती यायची, बोलणं जरा सावकाश झालं. माड त्याने सोडले. राकेराचा भाऊ ते कापायला लागला, आणि माडी घरी आणून ठेवताना तो काउतूकडे बघायचा नाही. काउतू मानेआबात म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसायला लागला. तिथे ते दिवसभर मांडीवर काथ्या घासून सुंभ वळतात. तीस वर्षांचा दांडगा गडी, सत्तर वर्षांच्या माणसांमध्ये बसून सुंभ वळतोय, हे बघून बायका तोंडावर हात धरून हसायच्या. काउतूने तेही शिकून घेतलं. त्याच्या हाताचं सुंभ एकसारखं यायचं, पुढे होड्या बांधणारे त्याच्याकडूनच मागायला लागले. पण गाणं मी त्याच्या तोंडून परत ऐकलं नाही. विचारलं तर म्हणाला, बसून गायचं गाणं नाही ते.

निळा पेला मात्र होता तिथेच होता. एक वर्ष फिट नाही, दीड वर्ष नाही, तरी पेला तोच. एके दिवशी मानेआबात सगळे जमलेले असताना काउतू उठला. म्हाताऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी बोलत नाही. हा बोलला. म्हणाला, मी इथेच पडलो होतो, तुम्ही सगळ्यांनी बघितलं. आता अठरा महिने मी पडलो नाही. भुताला गोळी लागू पडत नाही, आजाराला पडते. ज्यांच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल आणि मागच्या झोपडीत ठेवलं असेल, त्यांनी त्याला नेई आरिबोकडे न्यावं. एवढं बोलून बसला.

 त्यानंतर तो घराघरातून फिरला. उत्तरेच्या टोकापर्यंत चालत गेला. माझ्याकडे तोवर फेफऱ्याची चार माणसं नोंदलेली होती. वर्षभरात अकरा झाली. एक बाई सहा वर्षं घराच्या मागे डुकरांच्या कुंपणाजवळ राहत होती. तेबाउ नावाचा मासेमार होता, तो आपली फिट बायकोपासूनही लपवत होता. आणि ताओआती, वीस वर्षांची पोर, अंगावर पिणारं बाळ. तिला बाळ मांडीवर असताना फिट आली होती आणि बाळ चुलीच्या दगडावर आपटलं होतं. बाळ वाचलं. तिची सासू बाळ काढून घ्यायला निघाली होती. काउतूने सासूला तासभर समजावलं आणि ताओआतीला स्वतः माझ्याकडे आणलं.

आता जे सांगायचं ते हे. गोळ्या चार माणसांच्या यायच्या.

मागणीचा कागद एरिमेता भरायचा. मी त्याला म्हटलं, अकरा माणसांच्या मागा. तो म्हणाला, मागच्या वर्षी जेवढ्या खपल्या त्याच्या हिशेबाने मिळतात, जास्त लिहिलं तर खोडून पाठवतात. मी म्हटलं, लिहून तरी बघा. तो म्हणाला बघू. एरिमेता वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि वरून पत्र येईल याला तो भ्यायचा. त्याने जुनाच आकडा लिहिला. मी ते बघितलं आणि गप्प बसले. नंतर बोलू, असं वाटलं.

त्यात जहाज दुरुस्तीला गेलं. एका सोमवारी मी डबा ओतून मोजल्या तर एकशे चाळीस गोळ्या. अकरा माणसांना दोन दोन दिल्या तर एक आठवडाही निघत नव्हता, आणि जहाज पाच आठवडे येणार नव्हतं. आम्ही तारावाला फोन केला. विमानाने डबा पाठवतो म्हणाले. डबा आला, त्यात तापाच्या गोळ्या होत्या. परत फोन केला. बघतो म्हणाले.

मी सगळ्यांना अर्ध्यावर आणायचं ठरवत होते तेवढ्यात काउतू आला. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही, बेटावर काही लपत नाही. त्याने खिशातून आपली पुडी काढून टेबलावर ठेवली. त्यात अठरा गोळ्या होत्या, महिन्याच्या उरलेल्या.

"ह्या ताओआतीला दे," तो म्हणाला. "माझ्या नावाच्याही तिलाच. तिच्या मांडीवर पोर आहे. मला काय, मी बसून सुंभ वळतो. पडलो तर चटईवर पडेन."

मी म्हटलं, असं एकदम बंद करता येत नाही, तुला सांगितलंय.

"तीन वर्षांत काही झालंय का मला? बरा झालोय मी. पाच आठवड्यांचा प्रश्न आहे." मग म्हणाला, "ह्या लोकांना मीच घेऊन आलोय, आरिबो. मी गोळी म्हटलं म्हणून आले."

मला ठाऊक होतं. हे मी परत परत सांगते, मला ठाऊक होतं. एरिमेताचं उगारलेलं बोट मला आठवत होतं. पण ताओआतीचं बाळही डोळ्यांसमोर होतं, आणि खरं सांगायचं तर एक माणूस आपणहून बाजूला होतोय याने मला हलकं वाटलं. मी म्हटलं, निदान चार दिवस एक एक घे. तो म्हणाला, घेतो. चार गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. बाकीच्या चौदा मी डब्यात ओतल्या. डब्यात पडताना त्यांचा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

ताओआतीला दोन चालू ठेवल्या, बाकीच्या नऊ जणांना त्यांच्या पुडीत उरलेल्या धरून रोज एक एक. त्यानंतर मी रोज काउतूला लांबून बघायची. बरा असायचा. उलट झोप उडाली होती त्याची, तरतरीत दिसायचा, जलद बोलायचा. राकेराने मला हसून सांगितलं की नवरा परत आलाय. मी तिला काही सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी, रविवारी चर्च सुटल्यावर, तो घरासमोर नीरफणस सोलत बसला होता. तिथे पडला. मी धावत गेले तेव्हा पहिली फिट संपत आली होती आणि तो शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली. चौघांनी त्याला चटईवर घालून दवाखान्यात आणलं. फिट थांबवायची दोन इंजेक्शनं होती. पहिलं दिलं, वीस मिनिटं थांबली, परत आली. दुसरं दिलं. अर्धा तास. मग काही नव्हतं. तारावाचा डॉक्टर फोनवर होता, तरुण होता, चांगला होता, तो मला एकेका औषधाचं नाव विचारत होता आणि मी नाही म्हणत होते. हे आहे का, नाही. ते आहे का, नाही. शेवटी त्याने विचारलं, मग काय आहे? मी म्हटलं, मी आहे आणि ऑक्सिजनचं अर्धं नळकांडं आहे.

काउतू पाच तास तसा होता. राकेरा त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती. अंग तापलं, ओठ निळे झाले. संध्याकाळी फिटा आपोआप थांबल्या, आणि तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी खास विमान आलं आणि त्याला घेऊन गेलं.

सात आठवड्यांनी तो परत आला. विमानातून त्याला दोघांनी उतरवलं. उजवा हात छातीशी मुडपलेला. चालायचा तो एक पाय ओढत. माणसं ओळखायचा, पण नाव तोंडात यायला फार वेळ लागायचा. राकेराला कधी राकेरा म्हणायचा, कधी आईच्या नावाने हाक मारायचा. म्हाताऱ्यांनी त्याच्यापुढे काथ्या ठेवला तर तो डाव्या हाताने उचलून वास घ्यायचा आणि खाली ठेवायचा.

गावात बोलणं निघालं की गोळ्यांनीच त्याची ही दशा झाली. भूत बरं होतं, निदान हातपाय शाबूत होते, असं उघड म्हणायला लागले. अकरातल्या पाच जणांनी गोळ्या सोडल्या. जहाज तोवर आलं होतं, गोळ्या होत्या, घ्यायला माणसं नव्हती. मी घराघरात गेले, पण मी काउतू नव्हते. त्यातला तेबाउ बेटाच्या आतल्या अंगाला, उथळ पाण्यात शिंपले वेचायला गेला आणि सकाळी गुडघाभर पाण्यात पालथा मिळाला. सहा वर्षं डुकरांजवळ राहिलेली बाई परत तिथेच गेली. ताओआती तेवढी गोळ्या चुकवत नाही. तिचं बाळ आता धावतं. पण ती काउतूच्या घरावरून जात नाही, किनाऱ्याने वळसा घालून येते.

वरून अहवालाचा कागद आला होता. त्यात एक रकाना होता, असं का घडलं. एरिमेताने लिहिलं, रुग्णाने औषध घेणं स्वतःहून बंद केलं. कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, खोटं काही नाही यात. मी सही केली.

राकेराला सांगायला मला सात महिने लागले. ती खड्ड्यातून काढलेला अळूचा कंद खरवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, अठरा गोळ्या, चार परत दिल्या ते, डबा, सही. तिने खरवडणं थांबवलं नाही. झालं तेव्हा म्हणाली, "तो मला म्हणाला होता की आरिबो म्हणते आता गरज नाही." मग म्हणाली, "मी तुझ्या दारात भांडायला येऊ नये म्हणून म्हणाला असेल. मला तरी काय माहीत." आणि मी निघताना, "त्याच्या गोळ्या आणायला मी येईन. तू आणून देऊ नकोस."

तेव्हापासून ती दर महिन्याला येते. माझ्याशी कामापलीकडे बोलत नाही. आपल्यासमोर डबा ओतायला लावते आणि नुसत्या नवऱ्याच्याच नाही, सगळ्यांच्या गोळ्या मोजायला लावते. कमी भरल्या तर बाकावर बसून राहते, मी फोन लावेपर्यंत. एरिमेता निवृत्त झाला तेव्हा नव्या माणसाला तिने पहिल्याच दिवशी विचारलं, मागणीच्या कागदावर किती आकडा लिहिणार. तो तिला घाबरतो. ते बरं आहे.

गेल्या महिन्यात तारावाहून एक मुलगी पाहणी करायला आली होती. फेफऱ्याच्या रुग्णांना सेवा कशी मिळते ते विचारायचं होतं. तिच्याकडे पाच तोंडांची चित्रं होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. काउतूच्या घरी मी तिला घेऊन गेले, कारण घर दाखवायला कोणीतरी हवं होतं. तिने त्याच्यासमोर बसून हळू आवाजात विचारलं की दवाखान्यातली नर्स तुमच्याशी कशी वागते. काउतू बराच वेळ चित्रांकडे बघत राहिला. मग डाव्या हाताचं बोट सगळ्यांत हसऱ्या तोंडावर ठेवलं.

"आरिबो," तो म्हणाला. नाव पटकन आलं. "चांगली आहे."

मुलीने तिच्या कागदावर खूण केली. राकेरा चुलीपाशी होती. ती पाठमोरीच म्हणाली, "त्याचं झालं. आता हिला विचार."

मुलगी गोंधळली. म्हणाली, नर्ससाठी प्रश्न नाहीत, रकाना नाही. राकेरा म्हणाली, मग कोरा कागद दे. मुलीने वहीतला एक कागद फाडून दिला. मी तिथेच, त्यांच्या चटईवर बसून लिहिलं. तारखेपासून सुरुवात केली, एकशे चाळीस लिहिलं, अकरा लिहिलं, अठरा लिहिलं. एरिमेताने काय लिहिलं होतं ते लिहिलं आणि त्याखाली माझी सही होती तेही. काउतू माझा हात चालताना बघत होता. राकेराने कागद घेतला, तिला वाचायला वेळ लागतो, शेवटपर्यंत वाचला आणि मुलीकडे दिला.

कागद विमानाने गेला. अजून काही उत्तर नाही. नोकरी आहे तोवर मी आहे. ह्या महिन्याच्या गोळ्या आल्या आहेत, सहा माणसांच्या, कारण आता सहाच येतात.